अनेक दारें, एक हिशेब

जुन्नर तालुक्यांत घाटघर गांवाजवळ सह्याद्रीची कड एकदम तुटते, आणि तेथून खडकांत खोदलेली एक अरुंद वाट खालीं कोंकणांत उतरते. हाच नाणेघाट. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, सातवाहन राजांच्या अमदानींत, सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या पाठीवरून या वाटेनें जुन्नरच्या पेठेंत येई व पुढें पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्याशीं एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख असून त्यांत यज्ञांत दान केलेल्या गाईंची व कार्षापण नाण्यांची मोजदाद आकड्यांत दिलेली आहे. भारतांतील अंकचिन्हांच्या अगदीं जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे, आणि जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत असें परंपरा सांगते. दारावर बसावें, येणारें जाणारें मोजावें आणि त्याचा हिशेब ठेवावा, ही कल्पना या डोंगरांना नवीन नाहीं.

परंतु एका घाटावर पहारा बसविला म्हणजे सारा प्रांत राखला गेला असें होत नाहीं. याच जुन्नर तालुक्यांतून दाऱ्याघाट उतरतो, माळशेज घाट उतरतो. शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतून आहुप्याचा घाट मुरबाडकडे जातो, आणि त्याच्याहि दक्षिणेस भीमाशंकराच्या रानांतून गणेश घाट व शिडी घाट या पायवाटा कर्जत तालुक्यांतील खांडस गांवाकडे उतरतात. नाणेघाटावरची जकात चुकवावयाची असेल तर दुसरी वाट धरण्यास माणसास कितीसा वेळ लागणार? म्हणूनच नाणेघाटाच्या अगदीं डोक्याशीं जीवधन उभा आहे, आणि पुढें हडसर, चावंड व शिवनेरी यांची दृष्टि वाटांवर आहे. जो एकच दार पाहतो त्याला त्या दाराची हकीकत कळते. प्रांताची हकीकत कळावयास सर्व दारांचे कागद एका ठिकाणीं यावे लागतात.

हाच प्रश्न आज संगणकांच्या जगांत नव्या रूपानें उभा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्या वेळीं तें थोड्यांची चैन होतें. आज जुन्नर, नारायणगांव, ओतूर, मंचर, घोडेगांव येथील दुकानें, पतसंस्था, शाळा आणि दवाखाने यांचें रोजचें काम त्याच्यावांचून अडतें. ज्या तारेनें जगाची विद्या व बाजारभाव घरांत येतात, त्याच तारेनें चोरहि येऊं शकतो. तेव्हां त्या तारेवर देवडी बसविणें क्रमप्राप्त झालें. या देवडीचें नांव फायरवॉल. एका घरास लागलेली आग शेजारच्या घरास पोंचूं नये म्हणून मध्यें जी जाड भिंत बांधतात तिचें हें इंग्रजी नांव. तें संगणकांच्या पहाऱ्यास कां दिलें गेलें, हें एका घटनेवरून ध्यानांत येईल. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत एका विद्यार्थ्यानें सोडलेला प्रोग्राम आपणच आपल्या प्रति काढीत एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरत गेला, आणि कांहीं तासांतच हजारों यंत्रें मंदावलीं. वणवा जसा एका बांधावरून दुसऱ्या बांधावर उडी घेतो तसाच हा प्रकार होता. बांधांना भिंती हव्यात, ही जाणीव त्यानंतर तीव्र झाली.

फायरवॉल काय करते हें समजण्यासाठीं आपल्या जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढें आणावी. रस्त्याकडे मुख्य दरवाजा, आंत ओसरी आणि त्याच्या आंत माजघर. परका मनुष्य ओसरीवर बसतो; माजघरांत त्याला मज्जाव असतो. एखाद्या बँकेच्या किंवा कचेरीच्या फायरवॉललाहि अशींच निदान तीन दारें असतात. एक बाहेरच्या जगाकडे, एक ओसरीकडे आणि एक माजघराकडे. ज्या यंत्रांशीं गिऱ्हाइकांचा व लोकांचा संबंध येतो तीं ओसरीवर, आणि खातीं, पगार, खाजगी कागद ज्यांत आहेत तीं माजघरांत. या दारांना तंत्रज्ञ इंटरफेस म्हणतात. कित्येक ठिकाणीं वायफायचें चौथें दार असतें, आणि एका कंपनीची तार तुटली तर काम अडूं नये म्हणून दुसऱ्या कंपनीच्या तारेचें पांचवेंहि असतें.

या दारांतून जें येतें जातें तें अखंड प्रवाहाच्या रूपानें येत नाहीं. प्रत्येक पत्र, चित्र किंवा पैशाचा हुकूम लहान लहान पाकिटांत विभागला जातो. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि तें कोणत्या कामाचें आहे हें सांगणारा एक क्रमांक असतो. फायरवॉल हें लिखाण वाचते, आपल्याजवळच्या नियमांशीं ताडून पाहते, आणि पाकीट पुढें सोडते किंवा अडविते. येथवरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, आणि बहुतेकांची समजूत येथेंच थांबते. नियम लिहिले, देवडी बसविली, आतां निश्चिंत झोपावें, असें त्यांना वाटतें. वास्तविक येथें काम संपत नाहीं, येथून तें सुरू होतें. नियम पाळला जातो कीं नाहीं हें नियमाकडे पाहून कळत नसतें. तें आवक-जावक पाहून कळतें.

प्रत्येक इंटरफेस आपल्यापुरतें आवक-जावक रजिस्टर ठेवीत असतो. किती पाकिटें आंत आलीं, किती बाहेर गेलीं, किती खराब निघालीं, याचे आकडे तेथें सतत वाढत असतात. एका दाराचें रजिस्टर स्वतंत्रपणें वाचलें तर त्यांतून फारसा बोध होत नाहीं. सर्व दारांचीं रजिस्टरें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे मात्र एक साधा सिद्धांत उपयोगीं पडतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक पाकिटाची गति चार प्रकारांपैकीं एका प्रकारची असली पाहिजे. तें दुसऱ्या दारानें पुढें गेलें असेल, नियमानें अडविलें गेलें असेल, खुद्द फायरवॉलसाठींच आलेलें असेल, किंवा वाटेंत नष्ट झालें असेल. पांचवी गति नाहीं.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका तासांत बाहेरच्या दारानें १०,००० पाकिटें आलीं. माजघराच्या दारानें त्यांपैकीं ७,५०० पुढें गेलीं, ओसरीच्या दारानें १,८०० गेलीं, ६०० नियमांनीं अडविलीं, आणि ६० फायरवॉलच्या स्वतःच्या कामाचीं होतीं. बेरीज झाली ९,९६०. मग राहिलेलीं ४० कोठें गेलीं? कदाचित् गर्दींत रांग भरून तीं टाकलीं गेलीं असतील. कदाचित् एखादा नियम नोंद न करतां पाकिटें अडवीत असेल. कदाचित् कोणास ठाऊक नसलेलें एखादें दार उघडें असेल. कारण क्षुल्लक निघो वा गंभीर निघो, तें शोधलेंच पाहिजे. पेढीवरील जुना कारकून रोजकीर्दींत एका पैशाचा फरक आला तरी दिवा विझवीत नसे. पैसा मोठा नव्हता, पण ताळा जुळत नाहीं याचा अर्थ कोठें तरी कांहीं तरी आपल्याला न कळतां घडलें आहे, हें तो जाणून होता.

हें काम वाटतें तितकें सरळ मात्र नाहीं. त्यांत तीन अडचणी वारंवार येतात, आणि त्या प्रत्येकीनें चांगल्या चांगल्यांना चकविलें आहे.

पहिली अडचण दुहेरी मोजणीची. दारावरून जाणाऱ्या पाकिटांची नक्कल घेऊन तीं तपासण्याचीं साधनें आहेत. टीसीपीडंप नांवाचें एक प्रसिद्ध साधन १९८८ च्या सुमारास अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि तें आजहि रोजच्या वापरांत आहे. सर्व दारें एकदम पाहण्याची सोय अशा साधनांत असते. परंतु तसें केलें कीं एकच पाकीट आंत येतांना एकदां व बाहेर पडतांना एकदां असें दोनदां नोंदलें जातें. नवशिका मनुष्य बेरीज करतो आणि रहदारी दुप्पट झाली म्हणून घाबरतो. म्हणून नोंदींत प्रत्येक पाकिटापुढें दाराचें नांव आणि आंत कीं बाहेर ही दिशा लिहिलेली असलीच पाहिजे. ज्या नोंदींत दाराचें नांव नाहीं ती नोंद अर्धी होय.

दुसरी अडचण वेषांतराची. घरांतील व कचेरींतील यंत्रांचे पत्ते बहुधा खाजगी असतात. बाहेरच्या जगांत ते चालत नाहींत. म्हणून पाकीट बाहेर पडतांना फायरवॉल त्यावरील आंतला पत्ता खोडून आपला स्वतःचा पत्ता घालते, आणि उत्तर आलें कीं पुन्हां मूळ पत्ता घालून तें योग्य यंत्राकडे देते. परिणाम असा होतो कीं माजघराच्या दारावर ज्या पाकिटावर एक नांव होतें, त्याच पाकिटावर बाहेरच्या दारावर दुसरेंच नांव दिसतें. फक्त बाहेरच्या दारावर पाहणाऱ्यास सारीं पाकिटें एकाच माणसानें पाठविल्यासारखीं वाटतात, आणि गुन्हा कोणत्या यंत्राचा हें त्याला कधींहि सांगतां येत नाहीं. दोन्ही दारांच्या नोंदी आणि मधल्या फेरफाराची वही, हीं तिन्ही एकत्र ठेवलीं तरच मूळ पाठविणारा सांपडतो.

तिसरी अडचण वाटांची. ज्या कचेरीस बाहेर जाण्याच्या दोन तारा आहेत, तेथें प्रश्न एका तारेनें जातो आणि उत्तर दुसऱ्या तारेनें परत येतें. एखादा वाणी नाणेघाटानें चढला आणि आहुप्याच्या घाटानें उतरला, तर नाणेघाटावरील कारकुनास तो परतला नाहीं असें वाटेल, आणि आहुप्याचा कारकून म्हणेल, हा वर गेलाच केव्हां? फायरवॉल तर याहून कडक असते. ज्या संभाषणाचा आरंभ तिनें पाहिला नाहीं त्याचें उत्तर ती बहुधा टाकूनच देते. मग लोक तक्रार करतात कीं इंटरनेट कधीं चालतें, कधीं चालत नाहीं. तार बदलतात, यंत्र बदलतात, पण दोष तारेंत नसून वाटेंत असतो, आणि तो दोन्ही दारें एकाच वेळीं पाहिल्याशिवाय दिसत नाहीं.

एकाच वेळीं हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. दोन दारांच्या नोंदी जुळवावयाच्या म्हणजे दोन्ही घड्याळें एक वेळ दाखवीत असलीं पाहिजेत. याचें उत्तम उदाहरण जुन्नर तालुक्यांतच आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली जी विशाल रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० अँटेना असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, आणि त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनेनें टिपलेला संदेश प्रकाशतंतूंच्या तारेनें मध्यवर्ती ठिकाणीं येतो व तेथें इतरांशीं ताडला जातो. सर्वांना एकाच घड्याळाचा ठेका दिलेला असतो म्हणूनच तीस डोळे मिळून एक डोळा होतो. ठेका चुकला तर उरतील केवळ तीस वेगवेगळ्या कुजबुजी. फायरवॉलच्या नोंदींचेंहि तसेंच आहे. एका दाराचें घड्याळ तीन मिनिटें पुढें असेल तर परिणाम कारणाच्या आधीं घडलेला दिसेल, आणि शोध करणारा निष्कारण भलत्याच्या मागें लागेल. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं जे आदेश काढले, त्यांत हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी आणि नोंदी १८० दिवस जपाव्या, यांबरोबरच सर्व यंत्रांचीं घड्याळें सरकारमान्य वेळेशीं जुळवावीं असेंहि सांगितलें, तें याचसाठीं.

आतां एका सर्वसामान्य चुकीकडे वळूं. दारावर बसलेला मनुष्य बहुधा आंत येणाऱ्याकडे पाहतो. बाहेर जाणाऱ्याकडे त्याची पाठ असते. परंतु चोर आंत शिरतांना रिकाम्या हातानें शिरतो, आणि बाहेर पडतांना त्याच्या डोक्यावर गांठोडें असतें. मग कोणत्या वेळीं त्याला ओळखणें सोपें? २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील एका मोठ्या कंपनीवर असा हल्ला झाला कीं अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें कित्येक तास उघडेनात. हल्ला करणारीं यंत्रें म्हणजे लोकांच्या घरांतील कॅमेरे व तशींच साधीं उपकरणें होतीं. कारखान्यानें घालून दिलेला पासवर्ड कोणीं बदलला नव्हता, तेवढ्या आधारावर तीं चोरांनीं ताब्यांत घेतलीं. मालकांना पत्ताहि नव्हता, कारण त्यांच्या घरांत कांहींच बिघडलें नव्हतें. बिघाड होता तो जावक रजिस्टरांत, आणि तें कोणी उघडीत नव्हतें. घरांतील राऊटर हीहि एक छोटी फायरवॉलच आहे. रात्रीं दोन वाजतां, सारे झोपलेले असतां, घरांतील कॅमेरा परदेशीं ढीगभर माहिती पाठवीत असेल, तर ती गोष्ट त्याच्या नोंदींत दिसते.

सर्व दारांचा हिशेब एकत्र न जुळला तर काय होतें, याचें सर्वांत कटु उदाहरण पुण्यांतच घडलें. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें हल्ला झाला. ११ ऑगस्ट रोजीं, कांहीं तासांच्या अवधींत, २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं पैसे काढले गेले. भारतांतहि काढले गेले. १३ ऑगस्ट रोजीं स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा उपयोग करून आणखी सुमारें १४ कोटी रुपये हाँगकाँगकडे वळविण्यांत आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या घरांत गेली. या प्रकरणीं पुण्याच्या न्यायालयानें २०२३ सालीं ११ आरोपींना दोषी ठरविलें.

चोरी कशी झाली हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एटीएममध्यें कार्ड घातलें कीं यंत्र बँकेला विचारतें, पैसे द्यावे काय? तो प्रश्न बँकेच्या आंतल्या मुख्य हिशेबापर्यंत जावा आणि तेथील शिल्लक पाहून होय किंवा नाहीं असें उत्तर यावें, ही रीत. हल्लेखोरांनीं मधल्या जागीं एक खोटा कारकून बसविला. बाहेरून आलेला प्रश्न तो आंत जाऊंच देत नसे. परस्पर होय म्हणून उत्तर देई. बाहेरच्या दारावर प्रश्न आला, उत्तर गेलें, सारें व्यवस्थित. आंतल्या दारावर तर प्रश्नच आला नाहीं, तेव्हां तेथेंहि शांतता. दोन्ही दारें आपापल्यापरीं खरें सांगत होतीं. खोटेपणा होता तो दोहोंच्या मध्यें, आणि तो एकाच प्रश्नानें उघडा पडण्यासारखा होता: बाहेर इतके हुकूम मंजूर झाले, मग आंत त्यांची विचारणा कां झाली नाहीं? पहिल्या शंभर हुकुमांच्या वेळीं हा प्रश्न विचारला जातो कीं कांहीं हजार हुकूम होऊन गेल्यावर, एवढ्यावरच लाखांचें नुकसान आणि कोटींचें नुकसान यांतील अंतर अवलंबून असतें.

या घटनेनंतर दोन महिन्यांनीं, १९ ऑक्टोबर २०१८ रोजीं, रिझर्व्ह बँकेनें नागरी सहकारी बँकांसाठीं सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. नियम झाले हें चांगलें झालें. परंतु सहकारी बँकेंत आणि पतसंस्थेंत शेतकऱ्याच्या टोमॅटोचे पैसे असतात, शिक्षकाची निवृत्तीची पुंजी असते, मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेली ठेव असते. तेव्हां ठेवीदारांनींहि वार्षिक सभेंत लाभांश किती एवढेंच विचारून थांबूं नये. आमच्या संस्थेच्या यंत्रांना दारें किती आहेत, त्यांच्या नोंदी कोण पाहतो आणि किती वेळां पाहतो, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. उत्तर देतांना चालक गोंधळले, तर तें गोंधळणेंच उत्तर समजावें.

पहाऱ्यालाहि मर्यादा असते, हें येथें सांगितलें पाहिजे. आजकाल बहुतेक पाकिटें मोहोरबंद असतात. पहारेकऱ्यास वरचा पत्ता, वजन आणि वेळ दिसते. आंतला मजकूर दिसत नाहीं, आणि तें योग्यच आहे. देवडीवाल्यानें थैली मोजावी, पत्र वाचूं नये. पत्ता, वजन व वेळ यांचाच नीट मेळ घातला तर संशयास पुरेशी जागा मिळते, आणि माणसाच्या खाजगीपणासहि धक्का लागत नाहीं. ज्या पहाऱ्यामुळें घरांतील माणसांनाच चोरीचें भय सोडून पहारेकऱ्याचें भय वाटूं लागेल, तो पहारा घराच्या कामाचा नव्हे.

शेवटीं घरच्या फायरवॉलविषयीं. आपल्या घरांतील कोणकोणतीं उपकरणें राऊटरला जोडलेलीं आहेत त्यांची यादी एका कागदावर करावी. राऊटरच्या नोंदींत जीं नांवें दिसतात तीं महिन्यांतून एकदां त्या यादीशीं ताडून पाहावीं. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. पाहुण्यांसाठीं वायफायचें निराळें दार उघडावें, म्हणजे ओसरी व माजघर यांतील भेद राखला जाईल. या कामास विशेष विद्या लागत नाहीं. बेरीज, वजाबाकी आणि चिकाटी पुरे. यादींतील एक नांव जास्त निघालें किंवा एक कमी पडलें, तर तें कां, हें कळेपर्यंत कागद घडी करून ठेवूं नये.